संत्र्याच्या बागेला वळसा

वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या लाइनी कुठून कुठे न्याव्यात, हे ठरवणारी मी इंजिनियर आहे. हे वाक्य मी आजवर बऱ्याच लोकांना ऐकवलं. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने एकच गोष्ट विचारली, "मंग आमच्या गल्लीतली लाइट कवा येते?"

नातेवाइकांत माझी ओळख 'वायरमन झालेली पोरगी' अशी आहे. लग्नाच्या वेळी बघायला आलेल्या मंडळींत मुलाचे मामा होते. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी काळजीने विचारलं, "खांबावर चढा लागते काय?" मी सांगितलं, खांबावर चढावं लागत नाही, कंप्यूटरसमोर बसायचं असतं. या भागाला दहा वर्षांनी किती वीज लागेल, ते काढायचं आणि त्याप्रमाणे लाइनी, सबस्टेशनं सुचवायची. मामांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे ज्योतिष." मुलगा मोठ्याने हसला. बाकी सगळे गप्प असताना एकटाच हसला, म्हणून मी होकार दिला. तो वाशिमच्या एका शाळेत गणित शिकवतो, आणि अजूनही लोकांना सांगतो की बायको ज्योतिषी आहे.

मामांचं फारसं चुकलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला माझे जे वरिष्ठ होते, त्यांनी मला धंद्याचं सार एका वाक्यात सांगितलं होतं: "भविष्य चुकलं तर चालते मॅडम, फॉरमॅट चुकला नाई पायजे." ते स्वतः आयुष्यभर या तत्त्वाने जगले आणि मानाने निवृत्त झाले.

आमच्या कामाचं यश म्हणजे काहीच न घडणं. वीज गेली की लोक मोर्चा आणतात. पण जी वीज गेलीच नाही, तिच्यासाठी आजवर कोणी हार-नारळ घेऊन आलेलं मी पाहिलं नाही. डॉक्टरला बरा झालेला रोगी भेटतो, मास्तरला मोठा झालेला विद्यार्थी भेटतो. मला फक्त माहिती अधिकाराचे अर्ज भेटतात.

तर, रिसोड आणि मालेगाव तालुक्यांतली गोष्ट. हिवाळ्यात हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले, की सगळ्या वावरांतल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. वीज लांबून यायची आणि येता येता दमून जायची. शेवटच्या गावात पोचेपर्यंत तिच्यात एवढाच जीव उरायचा की बल्ब लाल दिसे आणि मोटार नुसतीच गुरगुरे. गुरगुरून गुरगुरून ती जळे. रिसोडला मोटार वाइंडिंगच्या दुकानांची एक रांगच्या रांग आमच्या खात्याच्या कृपेवर उभी होती. त्यांतल्या एकाने आपल्या दुकानावर मजला चढवला, तेव्हा मला त्यात थोडा वाटा मिळायला हवा होता असं प्रामाणिकपणे वाटलं.

मी अभ्यास करून त्या भागासाठी नवं सबस्टेशन आणि तिथवर येणारी मोठी लाइन सुचवली. नकाशावर ती रेघ मारायला एक दुपार लागली. मंजूर व्हायला इतका काळ लागला की मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली आणि ती मुलगी माझ्या जुन्या नकाशांच्या पाठीमागे हत्ती काढू लागली. सबस्टेशनच्या जागेचं भूमिपूजन दोनदा झालं. एकदा एका पक्षाच्या पुढाऱ्याने केलं, एकदा दुसऱ्याच्या. नारळ दोन फुटले, खड्डा एकच होता, आणि तोही पावसाने बुजला.

सबस्टेशन प्रत्येक गावाला हवं होतं. टॉवर कोणालाच नको होता. टॉवर सबस्टेशनला जोडलेला असतो, ही अडचण मी लोकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. एका सरपंचाने मला अतिशय प्रेमाने सांगितलं, "मॅडम, लाइन येऊ द्या ना, फक्त शेजारच्या गावाहून येऊ द्या." शेजारच्या गावाच्या सरपंचाचंही हेच म्हणणं होतं. दोघांचं एवढं एकमत मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

सर्वेवाल्यांनी लाइनचा रस्ता आखला. मेडशीजवळ आमचं गाव आहे, त्याच्या शिवारातून ती सरळ जात होती. नेमकी एका मोठ्या बागायतदाराच्या संत्र्याच्या बागेतून. मोठ्या लाइनखाली उंच झाडं ठेवता येत नाहीत, त्यामुळे बागेतला एक पट्टा तोडावा लागणार होता. हे बागायतदार म्हणजे गावातलं वजनदार माणूस. माझे आजोबा त्यांच्या वडिलांच्या वावरात राबले होते. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर झाले, पगारातून त्यांनी त्याच शिवारात थोडी जमीन घेतली, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या बागायतदाराला 'मालक' म्हणणं बंद झालं. पण ते अजूनही बाबांना 'का रे' म्हणतात. एखाद्याची सवय बदलायला लाइन मंजूर होण्याहून जास्त वेळ लागतो.

बागायतदार ऑफिसात आले ते संत्र्यांची पेटी घेऊन. भांडण नाही, आवाज नाही. "तुमी शिकलेली माणसं. थोडं इकडून तिकडून पाह्यलं तर झाडं वाचतात. पर्यावरणाचं बी काम होते." पर्यावरण हा शब्द ऐकून आमच्या साहेबांचे डोळे पाणावले. की संत्रं आंबट होतं, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी दोन खाल्ली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवा नकाशा माझ्या टेबलावर आला. लाइन बागेपर्यंत सरळ येत होती, तिथे नम्रपणे वळत होती, बागेला मागून वळसा घालत होती आणि पुन्हा आपल्या वाटेला लागत होती. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. रस्ता आखणं हे सर्वेवाल्यांचं काम, पण तो बदलायचा असला तर 'मूळ योजनेला बाधा येत नाही' असा शेरा आमच्याकडून लागतो. तो मी द्यायचा होता.

वळशाच्या वाटेवर येणाऱ्या जमिनींचे गट नंबर बाजूला लिहिले होते. त्यातला एक मला पाहावा लागला नाही. तो मला माझ्या मोबाइलच्या नंबरापेक्षा पक्का पाठ आहे. बाबांनी जमीन घेतली तेव्हा मी शाळेत होते, आणि आल्यागेल्या पाहुण्याला ते माझ्याकडून तो नंबर पाढ्यासारखा म्हणवून घेत.

मी नकाशा घेऊन साहेबांकडे गेले.

"साहेब, ह्यात माझ्या वडिलांचं वावर आहे."

"मग अडचण काय?" साहेब म्हणाले. "तुम्ही हरकत घेतली तर तो स्वार्थ झाला. मंजूर केलं तर त्याग झाला. त्याग करा."

"पण वळसा घालायची गरजच नाही. लांबी वाढते, वळणावर दोन भारी टॉवर जास्तीचे लागतात."

"म्हणजे स्वार्थ करता?"

मी टेबलाशी परत आले. मी सगळं जसं होतं तसं लिहिलं. वळसा घालता येतो, खर्च वाढतो, विजेच्या दृष्टीने फायदा काहीच नाही, आणि वळशावरच्या जमिनींत एक माझ्या वडिलांची असल्यामुळे निर्णय दुसऱ्या कोणी घ्यावा. साहेबांनी वाचलं आणि तापलेलं भांडं उचलावं तसा तो कागद उचलला. "हे शेवटचं वाक्य कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग न विचारता कशाला सांगता? सरकारी नोकरी आहे ही."

दुसऱ्या कोणी निर्णय घेतला. 'तांत्रिक कारणास्तव' वळसा मंजूर झाला. माझा नवरा म्हणाला, गणितात याला 'सोडवून दाखवले' असं म्हणतात, मधल्या पायऱ्या न दाखवता.

हे बाबांना दुसऱ्याकडून कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून रविवारी गावी गेले. तुरीच्या शेंगांचे दिवस होते. आईने शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या आणि आम्ही तिघं अंगणात सोलत बसलो होतो. मी सांगितलं. बाबांचा शेंग सोलणारा हात थांबला नाही.

"सही तुही व्हय का त्याच्यावर?"

"नाही. मी लिहून दिलं, माझ्या वडिलांचं वावर आहे, दुसऱ्या कोणी ठरवा."

"असं." दोन-तीन शेंगा झाल्या. "तुले इमानदारी करायले माहंच वावर सापडलं?"

"मंग काय करायला पाहिजे होतं, बाबा? लोक म्हणाले असते, पोरीनं बापाचं वावर वाचवलं."

"म्हणू दे ना! वळसा गैर होता का नोता?"

"गैर होता."

"मंग गैर हाय असं ठोकून लिहाचं अन् तिथंच अडून बसाचं. वावर कोनाचं का असंना. आता पाह्य, बराबर गोष्ट होती अन् ते आपल्या फायद्याची बी होती. दोन्ही एका जागी आलं त भेली तू. बागवाल्याईची त गोष्टच गैर होती, नुसता फायदा होता. ते भेले का?"

आई म्हणाली, "तिच्या नोकरीचं पाहा लागते ना जी."

"नोकरीले काय झालं? नोकरी उभीच हाय. टॉवर बी उभा राह्यन."

मी वाद घातला. नियम सांगितले, हितसंबंध म्हणजे काय ते सांगितलं, शिकलेल्या माणसाला सांगता येतं ते सगळं सांगितलं. बाबा उठून बैलांकडे गेले. गोठ्यात बैल राहिले नव्हते, बाबांनी ते कधीच विकले होते, पण बोलणं संपवायचं असलं की ते अजूनही तिकडेच जातात.

बाबांनी हरकत नोंदवली, तिची जिल्हा कचेरीत सुनावणी ठेवली होती. बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. मी जाऊ नये असं मला ऑफिसातून सुचवलं होतं, म्हणून मी रजा टाकून गेले आणि मागच्या खुर्चीवर बसले. बागायतदारही आले होते, 'सहज'. जिल्हा कचेरीत माणूस सहज येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सुनावणी घेणारे अधिकारी तरुण आणि सभ्य होते. त्यांनी बाबांना बसायला सांगितलं. बाबा उभेच राहिले.

"साहेब, मी एसटीचा ड्रायव्हर होतो. रिसोड, मेडशी, कारंजा, सारे रस्ते चालवले. रस्त्याले वळण असलं की आधी पाटी राह्यते, 'पुढे वळण आहे'. अन् वळणाले कारण बी राह्यते. नाला राह्यते, टेकडी राह्यते, नाई त मंदिर राह्यते. ह्या लायनीले वळण कायचं हाय, तेवढं सांगा."

आमच्या ऑफिसातून आलेल्या प्रतिनिधीने फाइल चाळली. "तांत्रिक कारण आहे."

"त्या तांत्रिक कारणाले संत्रे लागतात काय?"

सगळे हसले. अधिकारी हसले, प्रतिनिधी हसला, बागायतदार तर सगळ्यांत जास्त हसले. हसून झाल्यावर अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं की हरकतदाराचं म्हणणं सविस्तर ऐकून घेतलं आहे. हरकत फेटाळली, नियमाप्रमाणे मोबदला द्यावा. बाहेर आल्यावर मी बाबांना चहा घ्या म्हटलं. ते म्हणाले, "हसवून सोडलं ना मी साऱ्याईले? मले वाटलं हसले म्हंजे जिंकलो." आणि ते स्टँडकडे चालायला लागले. मी गाडी आणली होती. ते बसले नाहीत.

टॉवरचं काम उन्हाळ्यात, वावर रिकामं असताना करायचं ठरलं होतं. त्यामुळे ठेकेदाराची टोळी सोयाबीन चांगलं हातभर वाढल्यावर आली. झारखंडचे मजूर होते. लोखंडाचे तुकडे त्यांनी बांधावर टाकायचे ते पिकात टाकले. बाबा काठी घेऊन गेले. आई त्यांच्या मागे पाण्याची कळशी घेऊन गेली, म्हणजे एकाच घरातून एकाच वेळी युद्ध आणि तह दोन्ही निघाले. आईने त्यांना आपल्या हिंदीत बजावलं, "पानी पिओ, लेकिन सोयाबीन पे पाय मत देओ." ते पाणी प्यायले. पाय द्यायचा तिथे दिलाच. पण काही दिवसांनी आईचा चहाही सुरू झाला, आणि टोळी गेली तेव्हा तिला चुकल्यासारखं वाटलं. बाबांनी त्या दिवसांत मला एकही फोन केला नाही. फोन आईचा यायचा. मागून बाबांचा आवाज ऐकू यायचा, "तिले सांग, चौथा पाय उभा केला." माझ्याच लाइनची प्रगती मला अशी आडून कळत होती.

लाइन सुरू झाली. उद्घाटनाला तिसरे एक पुढारी आले. या भागाचा अंधार आपण वैयक्तिकरीत्या दूर केला असं त्यांनी सांगितलं. मला मंडपात जागा होती, कूलरच्या मागे. त्या हिवाळ्यात शेवटच्या गावापर्यंत वीज धडधाकट पोचली, मोटारी जळायच्या थांबल्या, आणि रिसोडचं ते मजला चढवलेलं वाइंडिंगचं दुकान मोबाइलचं झालं. कोणी आभार मानले नाहीत. मी नवऱ्याला म्हटलं, "झालं बघ, काहीच झालं नाही." त्याने त्या रात्री जिलबी आणली.

खरं तर माझं भविष्य पूर्ण बरोबर आलंच नाही. ज्या मोटारींसाठी मी लाइन मागितली होती, त्यांतल्या कितीतरी आता सोलर पंपावर चालतात. दुपारी ऊन असलं की वावरं आपापली वीज तयार करतात आणि माझी लाइन वर तारा ताणून बघत बसते. सुदैवाने मालेगावकडे आणि रिसोडकडे डाळमिल, गोदामं, एसी लावलेली कपड्यांची दुकानं वाढली, मी न धरलेली मागणी मी धरलेल्या मागणीच्या जागी येऊन बसली, आणि बेरीज जुळली. ऑफिसात मला अचूक अंदाजाबद्दल शाबासकी मिळाली. मी ती घेतली. फॉरमॅट बरोबर होता.

आणि संत्र्याची बाग? जवळचा रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला. बागायतदारांनी बाग तोडून प्लॉट पाडले. लाइनसाठी एक पट्टा जाणार होता, प्लॉटसाठी सगळी गेली. पर्यावरणाबद्दल त्या वेळी कोणी बोललं नाही. तिथे आता मोठी पाटी आहे, 'संत्र्याच्या बागेतलं तुमचं स्वप्नातलं घर'. पाटीवर एक संत्रं काढलं आहे. त्या शिवारातलं तेवढं एकच उरलं आहे.

त्यानंतर एके दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. आईच्या फोनवरून नाही, स्वतःच्या. मी घाबरून बैठकीतून बाहेर आले.

"काय झालं, बाबा?"

"काई नाई झालं. आज ते आले होते घरी. खुर्चीवर बसले. चहा पेले." ते म्हणजे बागायतदार, हे मला सांगावं लागलं नाही. "मले म्हणे, प्लॉट घेणारे लोक कुरकुर करून राह्यले. मागून लाइन जाते, जवळ हाय म्हणे. मले इचारलं, 'भाऊ, तुमची पोरगी त्याच खात्यात हाय. लाइन जराशी अजून मांगं सरकते का, तिले इचारून पाहा ना.'"

"भाऊ म्हणाले?"

"भाऊ म्हणले. तुमची बी म्हणले."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, इचारतो. म्हटलं, तांत्रिक कारण लागन." आणि बाबा हसायला लागले. एसटीचं जुनं इंजिन थंडीत सुरू व्हावं तसं, आधी अडखळत, मग भडाभडा. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून हसत होते. वरून साहेब उतरत होते. त्यांना वाटलं, बढती मिळाली.

हसणं ओसरल्यावर बाबा म्हणाले, "अजून एक. पावसाची झिमझिम असली की त्या तारा गुणगुण करतात. चावते का ते काई?"

"नाही चावत. ओल्या हवेत तारेभोवती थोडी वीज झिरपते, त्याचा आवाज असतो. पण खाली काम करताना जपायचं. मी येऊन दाखवते."

त्याच रविवारी गेले. बाबा हरभऱ्याला स्प्रिंकलर लावत होते. ॲल्युमिनियमचे लांब पाइप या ओळीतून त्या ओळीत न्यायचे होते. त्यांनी सवयीने एक पाइप उभा उचलला, आत अडकलेला पाला झटकायला. वर तारा होत्या. मी ओरडले.

"बाबा! आडवा! तारेखाली पाइप कधी उभा धरायचा नाही!"

"इतक्या उंच हायेत त्या."

"तरी नाही. आडवा धरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि पाइप खाली घेतला. "मंग त्या टोकाले धर ना. उभी राहून कायदा सांगू नको."

मी ऑफिसच्या सँडल काढून बांधावर ठेवल्या आणि दुसरं टोक धरलं. पाइपात गार पाणी उरलेलं होतं, ते माझ्या बाजूला आलं आणि सगळं माझ्या साडीवर सांडलं. बाबा म्हणाले, "आता तुह्या बाजूनं उतार हाय, मी काय करू?" आम्ही पाइप आडवा धरून ओळी ओलांडत, टॉवरच्या चार पायांना वळसा घालत, पलीकडच्या टोकापर्यंत गेलो.